पात्रं बदलली, नाटक चाललं

श्रोतेहो, गावात सुभद्रेचं काम करणारा पोरगा नोकरीसाठी परगावी गेला, की यंदा नाटक होणार की नाही, असा प्रश्न आपल्याकडे पडतोच. "आता तसं काम कोण करणार?" असं म्हणून मंडळी पेटारा बंद करतात. हा प्रश्न काही आपल्या गावापुरता नाही. इंग्लंडमध्ये बी. बी. सी.च्या दूरचित्रवाणीवर १९८६ साली 'कॅज्युअल्टी' ही इस्पितळावरची मालिका सुरू झाली. तिच्यात पहिल्या भागापासून चार्ली नावाच्या परिचारकाचं काम करणारे डेरेक थॉम्प्सन २०२४ मध्ये निरोप घेऊन गेले. तरी इस्पितळाचं दार काही लागलं नाही. हीच गोष्ट मराठी रंगभूमीवर शंभर वर्षांहून आधी घडली होती.

३१ ऑक्टोबर १८८० या दिवशी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग झाला. शकुंतला झाले होते शंकरराव मुजुमदार. त्या काळी स्त्रियांची कामं पुरुषच करीत, बरं का! दोन वर्षांनी, १८८२ साली, बडोद्याचा एक गोड गळ्याचा तरुण मंडळीत आला. तो म्हणजे भाऊराव कोल्हटकर. शकुंतला त्याच्याकडे गेली आणि त्याच वर्षीच्या 'सौभद्रा'त सुभद्राही तोच झाला. मुजुमदारांनी काय केलं? ते रुसून घरी बसले नाहीत. मंडळीतच राहिले आणि पुढे तिचा कारभार त्यांनी सांभाळला.

१८८५ साली खुद्द अण्णासाहेब वारले. संस्थापकच गेला, तेव्हा मंडळी बुडायची. पण बुडाली नाही. कारण अण्णासाहेबांच्या हाताखाली तयार झालेले गोविंद बल्लाळ देवल तालीम द्यायला उभे होते. कोणतं वाक्य कुठं तोडायचं, कोणत्या शब्दावर नजर उचलायची, हे ते नव्या मुलाकडून घोटून घेत. नट गेला, तरी भूमिका मास्तरजवळ शिल्लक राही.

इथं आपल्या जिल्ह्याचाही धागा येतो. ज्यांनी पुढे खामगाव आणि जळगाव-जामोद इथं वकिली केली, त्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं 'वीरतनय' याच मंडळीनं १८९६ साली रंगभूमीवर आणलं. जुने नट जातात तशी जुनी नाटकंही शिळी होतात. मंडळीला जसा नवा गळा लागतो, तसा नवा लेखकही लागतो.

१९०१ साली भाऊराव गेले. १९०५ साली नारायण राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेला पुन्हा नवा धनी मिळाला. पण १९११ साली मंडळीचे आधारस्तंभ नानासाहेब जोगळेकर वारले आणि एकोपा सैल झाला. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले. त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. मग किर्लोस्कर मंडळीत मास्टर दीनानाथ चमकले. १९१८ साली तेही चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह निघाले आणि बळवंत संगीत मंडळी उभी राहिली.

मूळ घराला हे घाव सोसवले का? नाही. एक नट गेला तर जागा भरता येते. पण पिकलेले हात एकदम उठून गेले, तर शिकवायचं कुणी? किर्लोस्कर मंडळीचं पहिलं तेज पुन्हा आलं नाही, हे मान्यच केलं पाहिजे.

पण दुसरी बाजूही पाहा. राम गणेश गडकरी उमेदीच्या काळात याच मंडळीत होते आणि श्रीपाद कृष्णांना ते गुरू मानीत. जानेवारी १९१९ मध्ये आपल्या विदर्भातल्या सावनेरला त्यांचा अंत झाला. त्यानंतर त्याच वर्षी 'एकच प्याला' गंधर्व मंडळीनं रंगभूमीवर आणलं आणि 'भावबंधन' बळवंत मंडळीनं. एका घराच्या दोन फांद्यांनी त्या घरच्या लेखकाची नाटकं लोकांपुढे नेली. वडाची पारंबी जमिनीला टेकली, की तिचंच झाड होतं, तसंच हे.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि गावच्या कलावंतांनो, संमेलनाचं नाटक बसवताना एक गोष्ट करून पाहा. प्रत्येक भूमिका दोन मुलांना शिकवा आणि मोठ्या मुलाला धाकट्याची तालीम घ्यायला लावा. मोठा शाळा सोडून जाणारच. त्याला अडवू नका. पण जाण्यापूर्वी त्यानं आपलं काम कुणाच्या तरी स्वाधीन केलेलं असू द्या. मग पुढच्या वर्षी पेटारा पुन्हा उघडेल.