नाण्याची पारख

नाणे हातात आले की ते बोटांवर तोलून पाहावे, दगडावर वाजवून पाहावे आणि मगच खिशात टाकावे, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. मराठी भाषेनेही ती जपून ठेविली आहे. निर्दोष माणसाला आपण खणखणीत नाणे म्हणतो. एखाद्याच्या लौकिकात उणेपणा आला की त्याच्या नावाला बट्टा लागला असे म्हणतो. हा बट्टा मूळचा सराफाच्या पेढीवरचा. झिजलेल्या, परमुलखातील किंवा हलक्या कसाच्या रुपयाचे मोल ठरविताना सराफ जी सूट कापून घेई, ती बट्टा. सरकारी भरण्यातील नाणी पारखून घेणारा पोतदार हा तर मराठी अमदानीतील एक नित्याचा कामगार होता. गावोगावी हे काम बहुधा सोनाराकडे असे, आणि पुढे धंदा सुटला तरी आडनाव राहिले.

मराठ्यांबरोबर ही पारख छत्तीसगडातही पोहोचली. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचा सेनानी भास्करराम कोल्हटकर याने रतनपूरवर चाल केली. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहात होते. १८१८ नंतर कर्नल अ‍ॅग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपुरास आणिले, आणि आजच्या शहराच्या भाग्योदयाला तेथून आरंभ झाला. या काळात बाजारात चालणारे रुपये एका टांकसाळीचे नव्हते. छाप मात्र बहुतेकांवर दिल्लीच्या बादशहाच्या नावाचा असे, मग नाणे पाडणारा कोणी का असेना. सत्ता एकाची, नाव दुसऱ्याचे आणि कस तिसराच, अशा व्यवहारात पोतदारावाचून कोणाचे पान हलणार? त्याची दृष्टी मात्र सौंदर्याची नव्हती. रुपयात चांदी किती उरली आहे, एवढेच त्याला हवे असे. कंपनी सरकारने १८३५ साली १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया सुरू केला, आणि हळूहळू ही विद्या बाजारातून ओसरू लागली.

आज जुन्या नाण्याची पारख म्हणजे निराळीच गोष्ट झाली आहे. धातू किती, हा प्रश्न मागे पडला आणि नाणे टांकसाळीतून बाहेर पडले तेव्हा जसे होते त्यापैकी आज किती शिल्लक आहे, हा प्रश्न पुढे आला. या प्रश्नाला आकड्यात उत्तर देण्याची प्रथा अमेरिकेतली. विल्यम शेल्डन याने १९४९ साली तेथील जुन्या तांब्याच्या सेंटसाठी एकपासून सत्तरपर्यंत एक श्रेणी बसविली. तिच्या मुळाशी शास्त्रापेक्षा बाजारभाव अधिक होता, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. अगदी झिजून गेलेल्या सेंटाचे जे मोल, त्याच्या सत्तरपट मोल निर्दोष सेंटाचे, म्हणून सत्तर. ते भाव केव्हाच बदलले, आकडे तेवढे राहिले. १९८६ आणि १९८७ साली त्या देशात दोन व्यावसायिक संस्था निघाल्या. त्या नाणे तपासतात, गुण देतात आणि पारदर्शक डबीत कायमचे बंद करतात. साठपासून सत्तरपर्यंतचे अकरा गुण न वापरलेल्या नाण्यांसाठी राखून ठेविलेले आहेत. शेजारशेजारच्या दोन गुणांमधला भेद साध्या डोळ्यांना जेमतेम जाणवतो, किमतीत मात्र तो पुष्कळदा आकाशपाताळाचा असतो.

म्हणूनच प्रमाणपत्रापूर्वीच्या अंदाजाला महत्त्व येते. ज्याच्या घरात एखादे स्मारक-नाणे आहे त्याला तपासणीचा खर्च करावा की करू नये, हे आधी स्वतःच ठरवावे लागते. अशी नाणी मराठी घरांत कमी नाहीत. प्रसंगाची स्मृती म्हणून नाणे पाडण्याची कल्पना आपल्याला नवी नव्हे. समुद्रगुप्ताने अश्वमेधाची आठवण यूपाजवळ उभ्या असलेल्या अश्वाच्या सुवर्णनाण्यावर ठेविली. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, आणि एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेले होन व शिवराया त्या घटनेच्या साक्षी झाल्या. व्हिक्टोरिया राणीने १८७७ मध्ये सम्राज्ञीपद धारण केले, तेव्हा रुपयावरील ‘क्वीन’ जाऊन ‘एम्प्रेस’ आले. स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक-नाणे १९६४ चे, पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघालेले. एक रुपया आणि अर्धा रुपया, दोन्ही निकेलचे. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीचा दहा रुपयांचा शिक्का निघाला. त्याचे वजन १५ ग्रॅम आणि त्यात शेकडा ८० भाग चांदी.

आता अंदाज बांधावयाचा तो कसा? नाणे नेहमी कडेने धरावे, कारण बोटांच्या घामाचा ठसा धातूवर वर्षानुवर्षे उमटून राहतो. एकाच दिव्याखाली ते हळूहळू कलते करावे. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात. ठशाखाली दाबले जाताना धातू मध्यापासून कडेकडे वाहतो, त्या प्रवाहाच्या अतिसूक्ष्म रेषांचा हा खेळ आहे. नाणे थोडे जरी हातोहात फिरले तरी उंचवट्यांवरच्या या रेषा प्रथम पुसल्या जातात. म्हणून मुखवट्यावर गालाचे हाड, भुवई आणि कानाची कड पाहावी, आणि व्हिक्टोरियाच्या रुपयावर केसांच्या बटा व मुकुटावरील मणी पाहावेत. तेथे राखट, निस्तेज डाग दिसला की नाणे बाजारात जाऊन आले, असे समजण्यास हरकत नाही.

परंतु येथेच नवशिक्याची फसगत होते. जे उठावदार दिसत नाही ते सारे झिजलेलेच असते असे नाही. निकेल हा कठीण धातू आहे. ठसा पुरेशा जोराने बसला नाही तर चित्रातील सर्वांत खोल जागी धातू पोहोचतच नाही, आणि कोरे करकरीत नाणेही बोथट दिसते. अशा बोथट जागेवर तेज कायम असेल तर तो ठशाचा दोष, आणि तेज गेले असेल तर झीज. शिवराईची आणि भोसल्यांच्या रुपयाची अडचण याहून वेगळी आहे. तेथे ठसा मोठा आणि धातूची चकती लहान, त्यामुळे पुरा लेख एका नाण्यावर उमटतच नसे. ‘छत्रपति’ मधले एखादे अक्षर नाही म्हणून नाणे हिणकस ठरविणारा मनुष्य टांकसाळीच्या रीतीचा दोष नाण्याच्या माथी मारतो.

खरे नुकसान बहुधा झिजेने झालेलेच नसते, ते प्रेमाने झालेले असते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चांदीचे रुपये चिंचेने किंवा राखेने घासून लखलखीत करावयाचे, त्यांवर हळदकुंकू वाहावयाचे आणि पुन्हा पेटीत ठेवावयाचे, असे कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. दरवर्षीच्या त्या घासण्याने प्रवाहरेषा नाहीशा होतात आणि केसासारखे बारीक ओरखडे उमटतात. काळसर पडलेला रुपया परीक्षकाला चालतो, चकचकीत केलेला चालत नाही. तसाच प्रकार दागिन्यांचा. छत्तीसगडातील रुपयांच्या माळांत नाण्याला कडी डाखलेली असते. कडी काढून टाकली तरी डाखाची खूण राहते आणि नाण्याला गुण न मिळता केवळ ‘खरे, परंतु सदोष’ एवढाच शेरा मिळतो. ज्या सुनेच्या गळ्यात ती माळ होती तिला या शेऱ्याचे काहीच वाटले नसते, आणि ते योग्यच आहे. नाण्याचा दागिना करणे हाही नाण्याचा एक उपयोगच होता.

सत्तर गुणांचे हे माप जेथे अगदी थिटे पडते अशी नाणी रायपूरच्या परिसराने दिली आहेत. राजनांदगावचे महंत घासीदास यांनी १८७५ साली रायपुरात संग्रहालय स्थापिले. त्याच्या आजच्या इमारतीचे उद्घाटन १९५३ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. दक्षिण कोसलात, म्हणजे या भागात, पाचव्या-सहाव्या शतकांत सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर एकाच बाजूने ठसा दाबून नाणी काढीत. पुढच्या बाजूस आकृती उठलेली, मागच्या बाजूस तीच खोलगट. वजन दीड ग्रॅमच्याही आत. महेन्द्रादित्य आणि शरभपुरीय राजा प्रसन्नमात्र यांच्या नाण्यांवर पंख पसरलेला गरुड आहे, आणि अक्षरे पेटिकाशीर्षक वळणाची, विदर्भातील वाकाटकांच्या ताम्रपटांतून आपल्या ओळखीची. महेन्द्रादित्य हा गुप्तसम्राट पहिला कुमारगुप्त की कोणी स्थानिक राजा, यावर विद्वानांचे एकमत नाही. नाव स्वच्छ वाचता येते आणि मनुष्य ओळखता येत नाही, असा हा प्रसंग! असल्या पत्र्याला झीज कसली मोजणार? तो दुमडतो, चेपतो. सरळ करावा म्हणून कोणी मागून दाबला तर आकृतीच बसते.

१९३९ च्या सुमारास तत्कालीन बस्तर संस्थानात, कोंडागाव तहसिलीतील एडेंगा येथे अशा ३२ सुवर्णनाण्यांचा ठेवा मिळाला. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी त्यांचे वाचन प्रसिद्ध केले. २९ नाणी वराहराजाची, एक भवदत्ताचे, दोन अर्थपतीची. तिघेही नल वंशातले. यांतील भवदत्त महाराष्ट्राला परका नाही, त्याचा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सापडला आहे. वराहराजाचा मात्र दुसरा कोणताही पुरावा नाही. ना शिलालेख, ना ताम्रपट. ती २९ नाणी मुशीत गेली असती तर एक राजा इतिहासातून नाहीसा झाला असता. सापडणाऱ्याने त्या वेळी केलेला पहिला अंदाज, की हे नुसते सोने आहे की सोन्याहून अधिक काही आहे, तो कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाचा होता.

कायद्याने हा अंदाज सोपा केला आहे असे म्हणवत नाही. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने दहा रुपयांवरील ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक केले. कोणी हक्कदार न निघाल्यास ठेव्यातील तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि चौथा जमीनमालकाचा. ठेवा सरकारने घ्यावयाचा तर धातूची किंमत आणि तिचा एकपंचमांश एवढी रक्कम द्यावयाची. म्हणजे कायद्याची नजर पोतदाराचीच राहिली. वराहराजाचे एकमेव साक्षीदार असलेले नाणे आणि तेवढ्याच वजनाचा सोन्याचा तुकडा या हिशेबात सारखेच. खेड्यातील मनुष्य वर्दी देण्याऐवजी सोनाराचे घर जवळ करतो, त्याचा सारा दोष त्याच्या अज्ञानावर ढकलणे न्यायाचे होणार नाही.

संशोधकाची नजर आणखी निराळी. १९२१ साली बिलासपूर जिल्ह्यातील सोनसरी येथे ६०० सुवर्णनाणी मिळाली. त्यांत रतनपूरच्या कलचुरींची, जाजल्लदेव, रत्नदेव आणि पृथ्वीदेव यांची नाणी होती, आणि थोडी कनोजच्या गोविंदचंद्राची. अशा ठेव्यात अभ्यासक सुंदर नाणे शोधीत नाही, तो झीज मोजतो. जे अधिक झिजले ते सामान्यतः आधीचे, जे टवटवीत ते ठेवा पुरला गेला त्या काळाच्या जवळचे. संग्राहकाच्या लेखी जो दोष, तोच येथे कालमापक होतो. वजनात पडलेली गुंजभर तूटही मग नोंदवून ठेवावी लागते.

परदेशी प्रमाणपत्राच्या मोहाला एक मर्यादा १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियमाने घातली आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे हा पुरावशेष होय, आणि तो खाजगी माणसाला देशाबाहेर पाठविता येत नाही. १८७७ चा सम्राज्ञीचा रुपया, शिवराई, महेन्द्रादित्याचा गरुड, या सर्वांच्या बाबतीत येथल्या पारख्याच्या डोळ्यावरच भिस्त ठेवावी लागते. १९६४ च्या नेहरू-रुपयाला अजून मोकळीक आहे. ती २०६४ साली संपेल.