टक्केवारी

टक्केवारी : एका राशीचे दुसरीशी असलेले प्रमाण दर शंभरी सांगण्याची रीत. भागाला पूर्णाने भागून शंभराने गुणले की टक्के मिळतात. कृती सोपी, पूर्ण कोणते धरायचे हे ठरवणे अवघड, आणि व्यवहारातल्या बहुतेक चुका तिथेच होतात.

मराठी मुलखात शेकड्याचा हिशेब जुना आहे. मराठेशाहीत चौथ म्हणजे शेकडा 25 आणि सरदेशमुखी शेकडा 10. दोन्ही एकाच महसुलावर धरल्यास बेरीज 35. दुकानातली ‘25 टक्के सूट, वर आणखी 10 टक्के’ मात्र 35 होत नाही. दुसरी सूट उरलेल्या 75 रुपयांवर मिळते, म्हणून एकूण 32.5. पावकी, निमकी, दिडकी पाठ असणाऱ्या पिढीला हे हिशेब तोंडी येत.

व्याज : ‘द. सा. द. शे.’ हा दर वर्षाचा. हातउसन्या कर्जात ‘तीन टक्के’ बहुधा महिन्याचे असतात. 10,000 रुपयांवर महिना 300, वर्षाला 3,600, म्हणजे द. सा. द. शे. 36. व्याज थकून मुद्दलात मिळत गेले तर वर्षाअखेर ते 42.6 टक्क्यांवर जाते. दर ऐकताच ‘महिन्याचा की वर्षाचा?’ हे विचारलेच पाहिजे.

माहुल : चेंबूरलगतच्या, तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्यांनी वेढलेल्या या गावाची टक्केवारी न्यायाधिकरणापर्यंत गेली. के. ई. एम. रुग्णालयाच्या 2013च्या पाहणीत माहुल-आंबापाडा येथील 67.1 टक्के लोकांनी महिन्यात तीनहून अधिक वेळा धाप लागत असल्याचे सांगितले. छातीत घुसमट 84.5 टक्के, डोळ्यांची जळजळ 86.6 टक्के. बेरीज 238.2 येते, पण आकडे चुकलेले नाहीत. एकाच माणसाला अनेक त्रास असू शकतात. उलट याच बेरजेतून महत्त्वाची गोष्ट कळते. तिन्ही टक्के त्याच लोकांवर काढलेले असतील, तर 238.2 मधून 200 वजा करून उरलेले किमान 38.2 टक्के लोक तिन्ही त्रास एकदम सोसत होते. वेगवेगळे छापलेले आकडे हे सांगत नाहीत; ते आवर्जून काढावे लागते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऑगस्ट 2020 मध्ये बाष्पशील सेंद्रिय संयुगांच्या प्रदूषणाबद्दल चार कंपन्यांवर सुमारे 286 कोटी रुपयांची भरपाई बसवली : एजिस 142 कोटी, हिंदुस्तान पेट्रोलियम 76.5, भारत पेट्रोलियम 67.5, सी लॉर्ड कंटेनर्स 0.2. वाटे अनुक्रमे 49.6, 26.7, 23.6 आणि जेमतेम 0.07 टक्के. शेवटचा वाटा नगण्य दिसतो, रक्कम मात्र 20 लाखांची आहे. म्हणून टक्क्यांशेजारी मूळ आकडा छापावा. पुढील न्यायालयीन वाटचाल या नोंदीच्या कक्षेबाहेरची आहे.

परीक्षा : दहावीला सहापैकी सर्वोत्तम पाच विषय धरले की पूर्ण 600 ऐवजी 500 होते. पाच विषयांत 80 आणि सहाव्यात 50 गुण असलेल्याचे 75 टक्क्यांचे 80 होतात.

निवडणूक : मतदानाची टक्केवारी नोंदलेल्या मतदारांवर, पक्षाची झालेल्या मतांवर.