अकरा तासांचं अपचन

डेन्व्हर, कोलोरॅडो. शुक्रवार, 23 सप्टेंबर 1955.

सकाळ. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर सुटीवर आहेत. फ्रेझरच्या डोंगरातून परतून त्यांनी हवाई तळावरच्या कार्यालयातले कागद हातावेगळे केलेत. वय 64. सिगारेट 1949 साली सोडली. त्याआधी दिवसाला चार-चार पाकिटं.

दुपार. चेरी हिल्सवर गोल्फ. परराष्ट्रमंत्री डलेस यांचा फोन आला म्हणून खेळ टाकून यावं, तर लाइन धड लागत नाही. पुन्हा बोलावणं, पुन्हा तेच. पारा चढलेला. जेवणात हॅम्बर्गर आणि कच्च्या कांद्याच्या जाड चकत्या. परत मैदानावर गेल्यावर जळजळ सुरू. खापर कांद्यावर फुटतं.

रात्री दहाच्या सुमारास. सासुरवाडीच्या घरी झोप.

दीड ते अडीचच्या दरम्यान (वेळेबाबत साक्षी जुळत नाहीत). छातीत कळ. पत्नी मेमी मिल्क ऑफ मॅग्नेशिया देतात. आपल्याकडे ओवा आणि सोडा निघाला असता, एवढाच फरक. कळ थांबेना, तेव्हा डॉक्टरांना फोन.

तीननंतर. मेजर जनरल हॉवर्ड स्नायडर येतात. वय 74, खासगी डॉक्टर. मॉर्फिन टोचतात. रुग्णाला झोप लागते.

शनिवार सकाळ. पत्रकारांना निरोप: राष्ट्राध्यक्षांचं पोट बिघडलंय.

पुढे स्नायडर यांनी लिहून ठेवलं, की हृदयविकाराचा झटका आपण तेव्हाच ओळखला होता, घरच्यांची घाबरगुंडी नको म्हणून बोललो नाही. इतिहासकार क्लॅरन्स लॅस्बी यांनी कागदपत्रं चाळून हे खोडून काढलं: डॉक्टर पोटाचंच दुखणं समजून बसले होते. मला लॅस्बींचं पटतं. झटका ओळखलेला माणूस ईसीजीसाठी दुपारपर्यंत कशाला थांबेल?

दुपारी एकच्या सुमारास. फिट्झसिमन्स लष्करी रुग्णालयातून कर्नल बायरन पोलॉक यंत्र घेऊन येतात. छातीला तारा लागतात, पट्टी सरकते. हृदयाच्या पुढच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटलाय. कळ येऊन अकरा तास होत आलेत.

दोनच्या आसपास. ज्या हृदयाला आता क्षणाचीही दगदग नको, त्याच्या मालकाला आधार देऊन जिना उतरवतात आणि मोटारीपर्यंत चालवत नेतात. मग रुग्णालय, ऑक्सिजनचा तंबू.

स्नायडर यांच्या बाजूनेही बोलायला हवं. पट्टी पहाटे निघाली असती, तरी 1955 साली करण्यासारखं फारसं नव्हतं. हृदयरुग्णांचा वेगळा अतिदक्षता विभाग नव्हता, छाती दाबून हृदय चालू ठेवण्याची पद्धत रूढ व्हायला 1960 उजाडलं, गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा मोठा पुरावा 1986 साली इटलीतून आला. त्या काळी उशिराची किंमत कमी होती. आता ती स्नायूत मोजतात: रक्तवाहिनी बंद झाल्यापासून अर्ध्या तासाच्या आतबाहेर हृदयाचा स्नायू मरू लागतो. म्हणून दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी. पट्टी साफ निघाली आणि कळ चालूच राहिली, तर थोड्या वेळाने पुन्हा. ॲस्पिरिन चावून खायला. अँजिओप्लास्टी तिथेच होणार असेल तर नव्वद मिनिटांत. दोन तासांत तशी सोय गाठता येणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्याच रुग्णालयात, तेही बारा तासांच्या आत. जितकं लवकर तितकं लाभाचं. भारतातल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांची क्रिएट नोंदवही 2008 साली लॅन्सेटमध्ये आली. कळ सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यक होता 360 मिनिटं. तिथून इंजेक्शनपर्यंत 50. म्हणजे बहुतेक वेळ रुग्णालय गाठण्याआधीच जातो, कधी घरातच, ‘गॅस झालाय’ म्हणण्यात.

रविवार, 25 सप्टेंबर. बॉस्टनहून हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट पोहोचतात.

सोमवार, 26 सप्टेंबर. न्यू यॉर्कचा शेअर बाजार उघडताच गडगडतो. दिवसाअखेर चौदा अब्ज डॉलर बुडालेले. इकडे व्हाइट पत्रकारांना झटका म्हणजे काय ते शिकवतात. राष्ट्राध्यक्षांना शौचाला साफ झाल्याचंही सांगून टाकतात. 11 नोव्हेंबरला आयझेनहॉवर रुग्णालयातून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी पुन्हा निवडून आले.