एव्हलिन सिम्प्सन आणि जॉन डनचीं प्रवचनें

जुन्या धर्मग्रंथांवरून इतिहास लिहावयाचा तर ग्रंथाचा विश्वसनीय पाठ कोणता आणि तो केव्हां सिद्ध झाला, हे दोन प्रश्न आधीं सोडवावे लागतात. ते सुटेपर्यंत ग्रंथकर्त्याच्या मतांविषयीं केलेलीं विधानें निराधारच समजलीं पाहिजेत. सतराव्या शतकांतील इंग्रजी धार्मिक गद्यासंबंधानें हें काम ज्यांनीं निष्ठेनें केलें, त्यांत एव्हलिन सिम्प्सन (१८८५–१९६३) यांस आम्हीं अग्रस्थान देतों.

बाईंचें माहेरचें आडनांव स्पिअरिंग. शिक्षण केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजांत झालें. परंतु तें विद्यापीठ १९४८ पर्यंत स्त्रियांस पूर्ण पदवी देत नसे. १९१२ सालीं त्यांनीं सेनेकाच्या नाटकांच्या एलिझाबेथकालीन भाषांतरांवर पुस्तक प्रसिद्ध केलें. पहिल्या महायुद्धांत त्यांनीं फ्रान्समध्यें रेडक्रॉसतर्फे शुश्रूषेचें काम केलें. पुढें ऑक्सफर्डनें १९२० पासून स्त्रियांस पदव्या खुल्या केल्या व १९२२ सालीं तेथील डी. फिल. मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. डनच्या गद्यावरील त्यांचा ग्रंथ १९२४ सालीं निघाला.

जॉन डन (१५७२–१६३१) हा १६२१ पासून मृत्यूपर्यंत लंडनच्या सेंट पॉल देवालयाचा डीन होता. त्याच्या प्रवचनांचे तीन मोठे संग्रह त्याच्या पुत्रानें १६४०, १६४९ व १६६१ च्या सुमारास छापले. १८३९ सालीं आल्फर्डनें सहा खंडांत त्याचे ग्रंथ काढले. परंतु विसाव्या शतकांतील वाचकांस डनचा परिचय मुख्यतः लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९१९ च्या वेंच्यांनीं करून दिला. वेंचे सुंदर खरे. तथापि संदर्भ तुटल्यामुळें डन हा मृत्यूचेंच चिंतन करणारा भाषाप्रभु एवढाच दिसूं लागला.

ही एकांगी समजूत मोडावयास संपूर्ण प्रवचनें कालक्रमानें लावणें अवश्य होतें. त्याचें एकच उदाहरण घेऊं. १६२२ सालीं राजा पहिला जेम्स यानें धर्मोपदेशकांवर निर्बंध घातले आणि १५ सप्टेंबर रोजीं पॉल्स क्रॉस येथें त्यांचें समर्थन करण्याचें काम डनकडे आलें. ही तारीख ठाऊक नसेल तर तें प्रवचन निव्वळ शास्त्रचर्चा वाटेल. ठाऊक असेल तर त्यांतील प्रत्येक शब्द तोलून टाकलेला दिसतो.

हें कार्य सिम्प्सनबाईंनीं कॅलिफोर्निया विद्यापीठांतील जॉर्ज पॉटर यांच्या सहकार्यानें हातीं घेतलें. छापील संग्रह हस्तलिखितांशीं ताडून पाहिले. जेथें तारीख नव्हती तेथें अंतर्गत पुराव्यावरून स्थान ठरविलें. पॉटर १९५४ सालीं वारले व पुढील भार मुख्यतः बाईंवर पडला. बेन जॉन्सनच्या ग्रंथांच्या अकरा खंडांच्या आवृत्तींतही पति पर्सी सिम्प्सन यांच्या बरोबरीनें त्यांचा हात होता. एकशें साठ प्रवचनांची ही आवृत्ति १९५३ ते १९६२ या काळांत दहा खंडांत पुरी झाली. पुढच्याच वर्षीं त्या निवर्तल्या.

तथापि एक मर्यादा सांगणें आम्हांस प्राप्त आहे. डन टिपणांवरून बोले व मागाहून प्रवचन लिहून काढी. १६२५ च्या प्लेगांत चेल्सी येथें राहून त्यानें पुष्कळ जुनीं प्रवचनें सुधारून लिहिलीं. म्हणून छापील पाठ म्हणजे श्रोत्यांनीं ऐकलेले शब्दच असें धरतां येत नाहीं. १९९२ मध्यें जीन शामी यांस ५ नोव्हेंबर १६२२ च्या प्रवचनाची, डननें स्वहस्तें दुरुस्त केलेली प्रत सांपडली, आणि ती १६४९ च्या पाठाहून भिन्न निघाली. २०१३ पासून निघूं लागलेल्या ऑक्सफर्डच्या नव्या आवृत्तींत प्रवचनें, तीं जेथें झालीं त्या स्थळांनुसार लाविलीं आहेत.

यामुळें सिम्प्सनबाईंचें श्रेय कमी होतें असें आम्हांस वाटत नाहीं. नवी प्रत जुन्या पाठाहून कोठें वेगळी आहे, हें दाखविण्यास आधीं जुना पाठ नीट लावलेला असावा लागतो. तो त्यांनीं लावून ठेवला होता.