तुकयाबंधू

कर्जतच्या दहिवलीपासून खोपोलीपर्यंतचा पट्टा घाटपायथ्याचा. देशावरचा माल घेऊन बोरघाट उतरलेला व्यापारी इथे टेकायचा. खोपोलीलगत साजगाव-ताकईला कार्तिकी एकादशीपासून मोठी यात्रा भरते, तिच्या मुळाशीही असाच एक व्यापारी आहे. देहूचे तुकोबा मिरच्या विकायला कोकणात उतरले, गिऱ्हाइकांनी आपल्याच हाताने माप घेऊन त्यांना नागवले आणि अखेर विठोबाने वसुली करून दिली, ही कथा 18व्या शतकात महिपतींनी सांगितली. ती जागा साजगावचीच, असे इथली परंपरा मानते. फसवले गेल्यावर तुकोबांनी बोंब मारली, म्हणून देव बोंबल्या विठोबा.

या कथेत देव येतो आणि हिशेब मिटतो. प्रत्यक्षात त्या घरातला हिशेब मिटला नव्हता, तो एका भावाकडून दुसऱ्याकडे जात राहिला. थोरला सावजी विरक्त वृत्तीचा, त्याने व्यवहार नाकारला, तेव्हा कोवळ्या वयाच्या तुकोबांवर दुकान आणि सावकारी आली. पुढे आईवडील गेले, आणि पत्नीच्या मृत्यूनंतर सावजीही घर सोडून निघून गेला. 1630च्या सुमाराचा दुष्काळ पडला, त्यात एक पत्नी अन्न अन्न करीत गेली. त्यानंतर तुकोबांनी घरातली कर्जखते काढली. अर्धी धाकट्या कान्होबाच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. या प्रसंगातला त्याग आपण नेमाने तुकोबांच्या नावे मांडतो. पण उरलेली खते सांभाळून ज्याला संसार रेटायचा होता, त्याचे काय? माझ्या मते खरी झीज त्याचीही आहे, आणि चमत्काराच्या झगमगाटात ती दिसेनाशी झाली.

याचा पुरावा गाथेतच आहे. तुकोबा गेल्यावर कान्होबाने रचलेले अभंग तिथे आहेत. त्यांत विमान नाही, फुलांचा पाऊस नाही. काळीज दुभंगले आहे, कंठ दाटला आहे, घरात लेकरे रडताहेत आणि भाऊ टाकून गेला आहे. मग शोक संतापाकडे वळतो. माझ्या भावाची भेट घडव, नाहीतर तुझ्या चिंध्या करीन, अशा भाषेत तो विठ्ठलाला धमकावतो. प्रभातच्या 1936च्या ‘संत तुकाराम’चा शेवट मात्र वैकुंठाला निघालेल्या विमानाने होतो, आणि आजही बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तेच विमान येते.

यावर कोणी म्हणेल की देवाशी भांडणे ही भक्तीतली जुनी रीत आहे, नामदेवही भांडले, तेव्हा त्यात मानसिक जखम शोधणे म्हणजे आजचे शब्द जुन्या माणसांवर लादणे. पहिला भाग मला मान्य आहे. पण नामदेवांचे भांडण देवाच्या भेटीसाठी आहे. कान्होबा देवाकडे माणूस मागतो, हरवलेला, सख्खा माणूस. रीतीने त्याला शब्द पुरवले असतील, रडणारी लेकरे त्या घरातलीच आहेत. आणि ‘मानसिक जखम’ हा शब्द नवा असला तरी दुःख दाबून न ठेवता बोलण्याची वाट तुकोबांनीच घालून दिली होती. दुष्काळाने झालेली मानहानी, दिवाळे आणि पत्नीचा मृत्यू त्यांनी स्वतः अभंगात सांगितला. म्हणजे लपवाछपवी संतपरंपरेने केली नाही, नंतर कथा सांगणाऱ्यांनी दुःखाचा भाग हलका केला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चमत्काराने लोकांना धीर दिला, तो हिरावून काय मिळणार? काहीच हिरावायचे कारण नाही. यात्रेला येणारा शेतकरी माप मारले जाणे आणि थकलेली उधारी पिढ्यान्‌पिढ्या ओळखून आहे, म्हणून विठोबाने केलेली वसुली त्याला आपली वाटते. पण फसवल्या गेलेल्या माणसाच्या ओरडण्यावरून जिथे देवाला नाव मिळाले, त्या साजगावात दुसरी बोंबही ऐकू यायला हवी. ती कान्होबाची, आणि त्याचे येणे पैशाचे नव्हते. या अभंगांखाली मुद्रा आहे ती ‘तुकयाबंधु’ अशी.