पेटीतले मोडी कागद

पनवेलच्या आमच्या जुन्या घरात आजोबांची पत्र्याची पेटी होती. तिच्यात मोडीतली खरेदीखते, निकाहनामे आणि घराण्याचा शजरा. घर पाडताना निम्मे कागद रद्दीत गेले. मोडी वाचणारे घरात कुणी उरले नव्हते. शजरा हाती लागला, पण त्यात फक्त पुरुषांची नावे. पणजीचे नाव आणि तिचा मेहर निकाहनाम्यात होता; तो गेला.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी घरोघरची दप्तरे धुंडाळली, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभारले. आपण मुसलमान इथलेच, हे आपण भाषणात सांगतो. त्याचा मराठीतला पुरावा मात्र किलोवर विकतो. तुमच्या घरातली पेटी आधी मोडीच्या जाणकाराला दाखवा, मग कागद अभिलेखागारात सोपवा. रद्दीवाला उद्याही येईल.