हिरवळीचें इंजिन आणि घरचा कारागीर

इंग्लंड-अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आप्तांकडून वसंत ऋतूंत एक तक्रार हटकून ऐकूं येते. घरापुढील हिरवळ कापण्याचें यंत्र सुरूच होत नाहीं, आणि झालेंच तर धापा टाकूं लागतें. अंगणांतलें गवत विळ्यानें काढणाऱ्या आम्हां मंडळींस ही तक्रार प्रथम क्षुल्लक वाटते. परंतु या चिमुकल्या इंजिनाच्या खोकल्यामागें जवळजवळ दोनशें वर्षांचा इतिहास आहे. आणि यंत्राचा जो धनी त्यानें यंत्राचा जाणकारहि असावें कीं नाहीं, हा त्या इतिहासांतील खरा वाद आहे.

या यंत्राचा जन्म बागेंत झाला नाहीं, कापडाच्या गिरणींत झाला. ग्लॉस्टरशर परगण्यांत स्ट्राउड गांवाच्या आसपास लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावर उभे राहिलेले तंतू सारखे छाटण्यासाठीं तेथें पात्यांचें फिरतें रूळ वापरीत. एडविन बडिंग नामक यांत्रिकानें तीच युक्ति गवतास लावली आणि १८३० सालीं तिचें पेटंट घेतलें. खेड्यांतील सद्गृहस्थांनीं हें यंत्र स्वतः चालवावें, त्यांत करमणूक आहे आणि व्यायामहि आहे, अशी शिफारस त्यानें त्या लेखांतच करून ठेविली आहे! प्रत्यक्षांत मोठ्या बागांतून यंत्र नोकरांच्या हातीं गेलें. पुढें त्यास घोडे जुंपले, आणि हिरवळीवर टापांचे वण उठूं नयेत म्हणून त्या घोड्यांच्या पायांत चामड्याचे जोडे चढविले. याच बडिंगच्या नांवावर स्क्रूनें जबडा मागेंपुढें होणारा पानाहि जमा आहे. हिरवळीचें यंत्र व तें खोलण्याचें हत्यार एकाच डोक्यांतून निघावें, हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो.

वाफेचा प्रयोग १८९३ सालीं लँकशरांतील जेम्स सम्नर यानें केला. पण तें धूड घरगुती अंगणासाठीं नव्हतें. १९०२ सालीं इप्सविचच्या रॅन्सम्स कारखान्यानें पेट्रोलचें यंत्र विक्रीस काढलें, आणि १९२१ सालीं बर्मिंगहॅमच्या चार्ल्स पग यांच्या कारखान्यांतून 'ॲटको' बाहेर पडलें. त्याच्या दुरुस्तीसाठीं कारखान्यानें पुढें ठिकठिकाणीं शाखा उघडल्या. सोय उत्तम होती. परंतु धन्यानें यंत्र ढकलावें, त्याच्या पोटांत डोकावूं नये, असाच त्या सोयीचा अर्थ होता.

हा अर्थ उलटा केला तो १९५२ सालीं सिडनी शहराच्या काँकर्ड उपनगरांत. मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसन यानें आपल्या घरच्या गॅरेजमध्यें मोडक्या सामानांतून एक यंत्र जुळविलें. व्हिलियर्स कंपनीचें लहान इंजिन आडवें बसवून त्यानें त्याच्या खालीं फिरतीं पातीं लाविलीं, आणि पेट्रोलची टांकी म्हणून काय, तर पीच फळांचा रिकामा डबा! त्यांतून 'व्हिक्टा' यंत्र निघालें व ऑस्ट्रेलियांत घरोघर पोंचलें. जें यंत्र घरीं बनलें, तें घरीं दुरुस्त करण्यास कोण भिणार?

मग असें यंत्र बिघडतें कशानें? कष्टानें झिजून मरणारीं इंजिनें थोडीं. बसून बसून आजारी पडणारींच पुष्कळ. हिवाळाभर यंत्र कोठडींत उभें असतें आणि टांकींत जुनें पेट्रोल तसेंच पडून राहतें. त्यांतील हलका अंश उडून जातो, उरलेल्यावर हवेचा परिणाम होऊन राळेसारखा चिकट थर धरतो. शिवाय अलीकडे पेट्रोलांत अल्कोहोल मिसळतात, तें हवेंतील ओलावा ओढून घेतें. हा थर नेमका बसतो तो कार्बुरेटरच्या जेटमध्यें, म्हणजे एका मिलिमीटरहूनहि बारीक अशा छिद्रांत. तें अरुंद झालें कीं हवा पुरेशी, पण इंधन अपुरें. वेग घटला कीं गव्हर्नर झडप उघडतो; वेग एकदम चढला कीं तोच ती मिटतो; आणि इंजिन हिंदोळ्यासारखें वरखालीं होत राहतें. हा हेलकावा कानीं पडला असतां इंजिन खोलण्याची घाई करूं नये. कार्बुरेटरचें भांडें उतरवावें, जेट काढून उजेडासमोर धरावें. पलीकडचा प्रकाश दिसला नाहीं कीं निदान झालें. साफ करण्यास तांब्याची मऊ तार घ्यावी. पोलादी सुई घातल्यास पितळेचें छिद्र रुंदावतें आणि एका रोगाच्या जागीं दुसरा येतो.

काजळलेला प्लग आणि कोंदलेली हवेची गाळणी हे दोष तर पोरहि ओळखील. फसवा दोष निराळाच आहे. पातें दगडावर आपटलें असतां फ्लायव्हीलची मऊ धातूची चावी कापली जाते, ठिणगीची वेळ चुकते, आणि बाकी सर्व ठीक असूनहि इंजिन चालत नाहीं. मात्र पात्याजवळ हात नेण्यापूर्वीं प्लगची तार काढलीच पाहिजे. हातानें पातें फिरवितांना थंड इंजिनहि उडी घेऊं शकतें. येथें उतावळेपणा बोटांवर बेततो.

या घरगुती विद्येस पुढें ओहोटी लागली ती धुराच्या पायीं. लहान इंजिनांच्या धुरावर कॅलिफोर्नियांत १९९५ पासून व सबंध अमेरिकेंत १९९७ पासून निर्बंध आले. मिश्रणाचा जो स्क्रू धनी आपल्या कानावर विसंबून फिरवीत असे, तो कारखान्यांतच बंद होऊं लागला. २०२१ सालीं कॅलिफोर्नियानें कायदा करून २०२४ पासून बनणाऱ्या अशा नव्या यंत्रांतून धुराचें इंजिनच हद्दपार केलें. त्यांची जागा बॅटरीनें घेतली. याविरुद्ध ओरड करण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं, कारण आकाराच्या मानानें या इंजिनांचा धूर फारच असतो. पण बॅटरीची पेटी उघडून सामान्य गृहस्थास काय उमगणार? हवा शुद्ध झाली ही जमा लिहितांना घरांतला एक जाणता हात गेला, हा खर्चहि त्याच वहींत मांडावयास हवा.

जुनीं यंत्रें वापरण्यास त्या कायद्याची आडकाठी नाहीं. म्हणून तेथील कोठड्यांतून अजूनहि वसंतांत कोणी गृहस्थ पितळेचें जेट उजेडासमोर धरून, एक डोळा मिटून त्यांत पाहत उभा असतो.